ताण मोजणारं मोबाइल ॲप: आरएमएसएसडी उलटा का जातो आणि ९७ टक्क्यांची अचूकता का तपासावी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ राहील. पदव्युत्तर प्रकल्पासाठी अँड्रॉइड ॲप तयार आहे. छातीला ब्लूटूथचा पट्टा आणि बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणारा सेन्सर लावलेला आहे. सहभागी व्यक्ती पाच मिनिटं शांत बसते, मग पाच मिनिटं वेळेच्या मर्यादेत मोठ्यानं उत्तरं देत वजाबाक्या करते. विचारलेल्या गोष्टी तीन. ताणाच्या टप्प्यात आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं किती बदलतात याचं माप) कमी व्हायला हवा, तो काही जणांत वाढलेला का दिसतो? या नोंदींवरून ताण ओळखणाऱ्या मॉडेलची अचूकता ९७ टक्के आली आहे, ती प्रबंधात मांडावी का? आणि पुढच्या टप्प्यात हेच ॲप लोकांना दिवसभर वापरायला द्यायचं असेल तर काय बदलावं लागेल?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच बाब आहे. कुठलाही सेन्सर ताण मोजत नाही. तो ठोक्यांमधलं अंतर मोजतो, घामग्रंथींची हालचाल मोजतो, हाताचं त्वरण मोजतो. हे सगळं ताणानं बदलतं, तसंच बोलण्यानं, श्वास लांबवण्यानं, खुर्चीत सरकण्यानं आणि कॅफीननंही बदलतं. बदल कशामुळे झाला हे प्रयोगाची रचना सांगते, आणि ती रचना नेमकी कोणत्या क्षणी काय घडवत होती हे ॲपनं नोंदवलेल्या वेळा सांगतात. मॉडेल या दोन्हींनंतर येतं. म्हणून उत्तरही त्याच क्रमानं देतो.

ठोक्यांमधलं अंतर बरोबर वाचलं जातंय का

आरएमएसएसडी म्हणजे लागोपाठच्या दोन अंतरांमधल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. वर्ग केल्यामुळे एखादी मोठी चूक सगळ्या खिडकीवर, म्हणजे एकत्र मोजलेल्या कालखंडावर, स्वार होते. समजा ६० सेकंदांत ७५ अंतरं आहेत, ठोके साधारण ८०० मिलिसेकंदांनी पडतात आणि खरा आरएमएसएसडी ४० मिलिसेकंद आहे. पट्ट्याकडून एकच ठोका सुटला, तर ८०० आणि ८०० च्या जागी १६०० ची एकच नोंद येते. तिच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून प्रत्येकी सुमारे ८०० चे दोन फरक तयार होतात. गणित करून पाहा: आरएमएसएसडी ४० वरून १३८ च्या आसपास जातो. एका सुटलेल्या ठोक्यानं तिपटीहून जास्त. ताणाच्या टप्प्यात माणूस बोलतो, हलतो, पट्टा किंचित सरकतो, त्यामुळे ठोके तिथेच जास्त सुटतात. ‘वाढलेल्या’ आरएमएसएसडीचा पहिला संशयित हाच आहे.

त्याआधी बाइट उलगडणारा कोड तपासा. ब्लूटूथच्या प्रमाणित हार्ट रेट सेवेत (१८०डी) मोजमापाचं कॅरॅक्टरिस्टिक (सेवेतून मिळणारं एक मूल्य) २ए३७ आहे. समजा त्यातून षोडशमान पद्धतीनं १०, ४डी, २०, ०३ असे चार बाइट आले. पहिला बाइट खुणांचा. त्यातला शून्यावा बिट बंद आहे, म्हणजे हृदयगती एका बाइटमध्ये आहे. चौथा बिट चालू आहे, म्हणजे पुढे ठोक्यांमधली अंतरं आहेत. ४डी म्हणजे ७७ ठोके प्रति मिनिट. उरलेल्या दोन बाइटांत धाकटा बाइट आधी येतो, म्हणून आकडा ०३२० असा वाचायचा: ८००. हे ८०० मिलिसेकंद नव्हेत. एकक सेकंदाचा १०२४ वा भाग आहे, म्हणून खरं अंतर ७८१.२५ मिलिसेकंद. बाइटांचा क्रम उलटा वाचला तर आठ सेकंदांचं अंतर येतं आणि चूक लगेच पकडली जाते. पण १०२४ चा भागाकार विसरला तर सगळे आकडे फक्त २.४ टक्के फुगतात, आलेख ठीक दिसतो आणि चूक प्रबंधापर्यंत जाते. एका संदेशात दोन-तीन अंतरंही असू शकतात, सर्वांत जुनं आधी. फक्त पहिलं घेऊन बाकीची सोडणारा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. हृदयगती वाढली की एका संदेशातल्या अंतरांची संख्या वाढते, म्हणजे हा कोड नेमके ताणाच्या वेळचेच ठोके गाळतो.

अँड्रॉइडची एक खोच इथेच सांगतो. जुन्या कॉलबॅकमध्ये (संदेश आला की अँड्रॉइड बोलावतं त्या फंक्शनमध्ये) कॅरॅक्टरिस्टिकच्या वस्तूतून मूल्य वाचलं जातं आणि पुढचा संदेश लगेच आला तर ते मूल्य बदललेलं असू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाइटांची मालिका थेट कॉलबॅकला मिळते. जुन्या आवृत्त्यांवर कॉलबॅकच्या पहिल्याच ओळीत बाइटांची प्रत करून घ्या आणि प्रक्रिया दुसऱ्या थ्रेडवर टाका. शिवाय एका जोडणीवर एका वेळी एकच गॅट क्रिया (ब्लूटूथवरून मूल्य वाचणं, लिहिणं किंवा सूचना चालू करणं) चालते. दोन कॅरॅक्टरिस्टिकच्या सूचना पाठोपाठ चालू करायला गेलात तर दुसरी विनंती नाकारली जाते, आणि परत आलेलं उत्तर तपासलं नसेल तर तो सेन्सर मुका राहतो. क्रियांची रांग ठेवा. पहिलीचा कॉलबॅक आला की दुसरी सोडा.

सुटलेले ठोके ओळखायला एक सोपी पडताळणी आहे. मिनिटभरात आलेल्या सगळ्या अंतरांची बेरीज करा. ती साधारण ६० सेकंद भरली पाहिजे. ५७ सेकंदच भरली तर संदेश हरवले आहेत. बेरीज ६० आहे पण मध्येच दुप्पट अंतर दिसतं, तर संदेश सगळे आले, पट्ट्यानंच ठोका ओळखला नाही. पहिल्या वेळी ब्लूटूथ पाहायचं, दुसऱ्या वेळी पट्टा ओला आणि घट्ट आहे का ते पाहायचं. अकाली ठोका वेगळा दिसतो: ८००, ५२०, १०८०, ८०० अशी एक आखूड आणि मग एक लांब नोंद. तो खराच पडलेला असतो, पण आरएमएसएसडीत त्याला जागा नाही.

दुरुस्तीसाठी प्रत्येक अंतर आजूबाजूच्या पाच अंतरांच्या मध्यकाशी ताडून पाहा आणि २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर खूण करा. खूण केलेलं अंतर काढून टाकून उरलेली मालिका जोडू नका. जोडली की जे ठोके कधी शेजारी नव्हतेच त्यांच्यातला फरक हिशेबात येतो. त्या अंतराला स्पर्श करणारे दोन्ही फरक वगळायचे, बाकीचे ठेवायचे. एखाद्या खिडकीत पाच टक्क्यांहून जास्त खुणा पडल्या तर ती खिडकी पूर्ण सोडून द्यावी असं माझं मत आहे. आणि कोणत्या टप्प्यात किती खिडक्या सोडल्या ते प्रबंधात लिहावं. ताणाच्या टप्प्यातल्या तीसेक टक्के खिडक्या गेल्या असतील तर तोही निष्कर्षाचाच भाग आहे.

पट्ट्याऐवजी फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी घेण्याचा विचार असेल तर आधी नमुन्यांचा वेग बघा. ठोक्याची वेळ जवळच्या नमुन्यावर ढकलली, तर नमुन्यांमधल्या अंतराच्या सुमारे ०.७ पट एवढा गोंगाट आरएमएसएसडीत मिसळतो. सेकंदाला ३० चौकटी म्हणजे ३३ मिलिसेकंदांचं अंतर, म्हणून गोंगाट सुमारे २३.५. खरा आरएमएसएसडी २० असेल तर वर्गांची बेरीज होऊन तो ३१ दिसेल. १३० हर्ट्झच्या ईसीजीत हाच गोंगाट साडेपाचच्या आत राहतो आणि २० चा २१ सुद्धा होत नाही. कॅमेरा वापरायचाच असेल तर शिखराभोवतीच्या तीन-चार नमुन्यांतून वक्र बसवून खरं शिखर काढा, प्रकाश आणि रंगाचं स्वयंचलित समायोजन बंद करा, आणि प्रत्येक चौकटीची वेळ कॅमेऱ्याकडून घ्या. चौकटी ३३ मिलिसेकंदांनीच येतात असं धरू नका. अंधूक प्रकाशात फोन न विचारता चौकटींचा वेग कमी करतो.

आता खरा प्रश्न: बोलणं आणि श्वास

समजा ठोके स्वच्छ आहेत आणि तरीही आरएमएसएसडी वाढला. मग श्वासाकडे वळायचं. श्वास घेताना ठोके जलद होतात, सोडताना संथ. आरएमएसएसडी मोठ्या प्रमाणात हीच लय पकडतो. माणूस संथ आणि खोल श्वास घेऊ लागला की ही लय मोठी होते. मोठ्यानं उत्तर देताना नेमकं हेच घडतं: पटकन श्वास आत, मग लांबलेला उच्छ्वास. तुमच्या रचनेत शांत बसण्याची तुलना बोलत वजाबाकी करण्याशी आहे. दोन टप्प्यांत ताणाचा फरक आहे आणि बोलण्याचाही. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात, आणि कोणाचं पारडं जड होईल ते माणसागणिक बदलतं. काही जणांचे आकडे उलटे येण्यामागे एवढं कारण पुरेसं आहे.

ठोक्यांमधल्या चढउतारांची वारंवारतेनुसार वाटणी करून जे पट्टे काढतात, त्यांनाही हाच धोका आहे. १९९६ साली युरोपीय आणि उत्तर अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संयुक्त गटानं घालून दिलेल्या मानकानुसार उच्च पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्झ आणि नीच पट्टा ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ. ०.१५ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला नऊ श्वास. बोलताना श्वास त्याखाली गेला की श्वासाची सगळी लय नीच पट्ट्यात उतरते, आणि दोन पट्ट्यांचं गुणोत्तर वाढतं. त्या वाढीला ‘ताण’ म्हणणं चूक आहे. हे गुणोत्तर ताणाचं माप म्हणून वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या अर्थाबद्दल शरीरक्रियाशास्त्रात गंभीर आक्षेप आहेत. पाच मिनिटांच्या टप्प्यासाठी हृदयगती आणि आरएमएसएसडी एवढं पुरे, सोबत श्वासाची गती नोंदवा. श्वासाचा वेगळा पट्टा नसेल तर छातीच्या पट्ट्यातल्या त्वरणमापकावरून (हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवरून) किंवा ईसीजीच्या शिखरांच्या चढउतारावरून ती बऱ्यापैकी काढता येते.

उपाय म्हणजे नियंत्रण टप्पा. ताणाच्या कामात जे जे घडतं ते सगळं त्यात घडू द्या, फक्त धास्ती काढून घ्या. तोंडी वजाबाकी असेल तर नियंत्रणात साधारण त्याच लयीत मोठ्यानं एक-दोन-तीन मोजायला सांगा. उत्तरं पडद्यावर टॅप करून द्यायची असतील तर नियंत्रणात सोपी गणितं द्या, घड्याळ नाही, चुकल्याचा आवाज नाही, पण टॅप तेवढेच. मग ताणाच्या टप्प्याची तुलना शांत बसण्याशी न करता या टप्प्याशी करा. मला उपलब्ध वेळेत एकच सुधारणा करता आली तर मी हीच करेन.

शांत बसण्याच्या टप्प्याबद्दलही एक इशारा. अनोळखी खोली, अंगाला तारा, पुढे काय होणार माहीत नाही, अशा वेळी पहिली पाच मिनिटं विश्रांतीची नसतातच. आल्यावर इलेक्ट्रोड लावून दहा मिनिटं जाऊ द्या. या वेळात संमतीपत्र आणि प्रश्नावली भरून होते. मग पाच मिनिटांची आधाररेषा (तुलनेसाठीची शांत नोंद) घ्या, आणि तीही नुसतं बसवून नको. निसर्गाची साधी चित्रं बघणं असं काही हलकं काम दिलं तर मन भरकटत नाही आणि आकडे स्थिर येतात.

वजाबाकीतून ताण कसा येतो हेही समजून घ्या. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ट्रियर सामाजिक ताण चाचणी आजही या क्षेत्रातला मापदंड आहे. तयारीनंतर पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं १०२२ मधून १३ वजा करत जाणं: १००९, ९९६, ९८३. चुकलात की पुन्हा १०२२ पासून. समोर चेहऱ्यावर काहीही भाव न दाखवणारी समिती आणि कॅमेरा. ताण आकड्यांपेक्षा त्या समितीत जास्त आहे. डिकर्सन आणि केमेनी यांनी २००४ मध्ये २०८ प्रयोगशालेय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचा मोठा प्रतिसाद तिथे दिसला जिथे काम हाताबाहेर होतं आणि इतर लोक पारख करत होते. फोनवर एकट्यानं गणितं सोडवताना हृदयगती आणि त्वचेची वाहकता वाढते, पण लाळेतला कॉर्टिसोल वाढेल अशी अपेक्षा धरू नका. कॉर्टिसोल मोजणार असाल तर त्याचं शिखर ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी येतं, आणि सकाळी त्याची पातळी मुळातच झपाट्यानं बदलत असते. सगळी सत्रं दुपारी एकाच वेळी ठेवा.

गणितांची काठिण्यपातळी सर्वांना सारखी ठेवली तर कुणाला ती खेळ वाटते, कुणी पहिल्या मिनिटात सोडून देतो. दोघांतही ताण नाही. माँट्रियलच्या ताण-कार्यपद्धतीतली (२००५) युक्ती घ्या: सरावात त्या व्यक्तीला लागणारा सरासरी वेळ काढा, मर्यादा त्याहून १० टक्के कमी ठेवा. लागोपाठ तीन बरोबर आली की मर्यादा आणखी १० टक्के कमी, तीन चुकली की १० टक्के जास्त. प्रत्येकाला जवळपास सारखंच अपयश मिळतं. प्रत्येक टप्पा संपताच शून्य ते शंभरच्या पट्टीवर ‘आत्ता किती ताण वाटतोय’ एवढाच प्रश्न विचारा. महिनाभराच्या ताणाबद्दल विचारणारी पीएसएस-१० प्रश्नावली सुरुवातीला एकदा घ्यायला चांगली, पण टप्प्याटप्प्यातला फरक ती दाखवू शकत नाही, कारण ती त्यासाठी बनलेलीच नाही.

संमतीपत्रात ताण दिला जाणार हे लिहिलेलं असावं, पडद्यावर ‘थांबवा’ हे बटण कायम दिसावं, आणि सत्र संपल्यावर गणितं मुद्दाम न जमण्याजोगी ठेवली होती हे व्यक्तीला सांगावं. लोक आपल्याला गणित येत नाही असं मनाशी घेऊन घरी जाता कामा नयेत. हृदयविकार असलेल्यांना या चाचणीत घेऊ नये.

त्वचेची वाहकता

इथे सेन्सरपेक्षा हात महत्त्वाचा. ज्या हातानं लिहीत नाही त्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर इलेक्ट्रोड लावा, हात तळवा वर करून टेबलावर ठेवा आणि फोन स्टँडवर. फोन त्याच हातात धरला तर पकडीचा प्रत्येक बदल आलेखात शिखर म्हणून उमटतो. हात कोमट पाण्यानं धुवायला सांगा, साबण नको, त्यानं त्वचेच्या वरच्या थराची वाहकता बदलते. ईसीजीची जेल वापरू नका. तिच्यात मीठ जास्त असतं आणि वाहकता फुगते. वाहकतेसाठी वेगळी, घामाइतक्याच खारटपणाची, सुमारे अर्धा टक्का मिठाची जेल मिळते.

जेल त्वचेत मुरायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्या वेळात वाहकता काहीही न घडता चढत राहते. तुमच्या सत्रात शांत टप्पा नेहमी आधी आणि ताण नेहमी नंतर आहे. म्हणजे वाहकतेतली वाढ ताणाची किती आणि जेलची किती, हे वेगळं करता येत नाही. निम्म्या लोकांना नियंत्रण आधी द्या, निम्म्यांना ताण आधी. ताण आधी असेल तर मध्ये किमान दहा मिनिटांची विश्रांती ठेवा.

पायाभूत पातळी माणसागणिक २ ते २० मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक) अशी कुठेही असू शकते, म्हणून दोन माणसांची थेट तुलना निरर्थक आहे. मिनिटाला किती स्वतंत्र शिखरं आली हे मोजणं जास्त भरवशाचं. शांत असताना मिनिटाला एक ते तीन, खूप उत्तेजित असताना वीसच्या वर. ०.०५ मायक्रोसीमेन्सपेक्षा लहान चढ मोजू नका, आणि एखाद्या घटनेशी शिखर जोडायचं असेल तर ते घटनेनंतर एक ते तीन सेकंदांत सुरू झालेलं असावं. काही लोकांमध्ये शिखरं जवळपास दिसतच नाहीत. खोल श्वास घ्यायला सांगूनही आलेख हलला नाही तर त्या व्यक्तीची वाहकता विश्लेषणातून वगळा, बाकीची माहिती ठेवा. ही चाचणी सत्राच्या सुरुवातीलाच करून घ्या.

घड्याळं

पडद्यावर गणित कधी आलं आणि वाहकता कधी वाढली हे एकाच घड्याळावर नसेल तर वरची सगळी काळजी वाया जाते. फोनचं भिंतीवरच्या घड्याळासारखं चालणारं मिलिसेकंदांचं घड्याळ नेटवर्ककडून दुरुस्त होतं आणि मध्येच पुढेमागे उडी मारतं. ते फक्त सत्राची तारीख लिहायला वापरा. नोंदींसाठी फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ देणारं, झोपेचा काळही मोजणारं इलॅप्स्ड-रिअलटाइम घड्याळ वापरा.

आता नेमका फसवणारा भाग. फोनच्या सेन्सरच्या नोंदी बहुतेक फोनवर याच घड्याळावर येतात. पडद्यावरच्या स्पर्शाची वेळ मात्र अपटाइम घड्याळावर येते, आणि ते फोन गाढ झोपेत असताना थांबतं. रात्रभर टेबलावर पडलेल्या फोनमध्ये या दोघांत काही तासांचा फरक असतो, तो कुणालाही दिसतो. नुकत्याच सुरू केलेल्या फोनमध्ये फरक तीन-चार सेकंदांचा असतो आणि कुणालाच दिसत नाही. तीन-चार सेकंद म्हणजे घटनेशी शिखर जोडायच्या त्या एक ते तीन सेकंदांच्या मुदतीइतका किंवा त्याहून जास्त काळ. प्रत्येक स्पर्शाबरोबर दोन्ही घड्याळांचा त्या क्षणीचा फरक लिहून ठेवा.

ब्लूटूथचा संदेश फोनवर पोचण्याची वेळ ही ठोक्याची वेळ नव्हे. ठोक्यांच्या वेळा अंतरांची बेरीज करत काढा आणि पोचण्याच्या वेळांशी ती मालिका हळुवार जुळवा. सेन्सरचं स्वतःचं घड्याळही सरकतं: ४० पीपीएमचा (दशलक्षात ४० भागांचा) फरक असेल तर तासाला १४४ मिलिसेकंद, दिवसाला साडेतीन सेकंद. तासाभराच्या सत्रात चालून जातं, दिवसभराच्या मोजणीत नाही. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, पडद्यावर खूण येताच पट्ट्यावर बोटानं तीनदा टकटक करा आणि इलेक्ट्रोड तीनदा दाबा. दोन्ही आलेखांत तीन टोकं उमटतात आणि नंतर जुळवणी खात्रीनं करता येते. पडद्याच्या एका चौकटीच्या सोळा मिलिसेकंदांवर मात्र वेळ घालवू नका. या मोजमापांत त्याला किंमत नाही.

आणि आलेले मूळ बाइट आहेत तसे साठवा. १३० हर्ट्झच्या ईसीजीचे तासाला ४,६८,००० नमुने होतात. प्रत्येकी तीन बाइट धरले तर दीड एमबीच्या आत. फक्त गणना केलेला आरएमएसएसडी साठवून मूळ नोंद टाकणं हे न भरून येणारं नुकसान आहे. डेटाबेसमध्ये एकेक नमुना न लिहिता सेकंदाचा गठ्ठा एका व्यवहारात लिहा.

९७ टक्के कुठून आले

६० सेकंदांची खिडकी एकेक सेकंदानं पुढे सरकवली असेल तर शेजारच्या दोन खिडक्यांत ५९ सेकंद एकच आहेत. त्या खिडक्या यादृच्छिक वाटून काही शिकवायला आणि काही तपासायला घेतल्या, की मॉडेलला तपासणीचा कागद आधीच दाखवल्यासारखं होतं. त्यातून फक्त एवढंच कळतं की मॉडेल माणसं ओळखतं. एक व्यक्ती पूर्ण बाहेर ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, तिच्यावर तपासा, आणि हे प्रत्येक व्यक्तीसाठी करा. आकडा खाली येईल आणि तो खरा असेल. पडताळणीसाठी २०१८ सालचा वेसॅड हा खुला माहितीसंच वापरा: १५ व्यक्ती, छातीवर ७०० हर्ट्झचं यंत्र, मनगटावर दुसरं, ताणासाठी ट्रियर चाचणी. प्रसिद्धकर्त्यांनी ताण आहे की नाही या दोन वर्गांत सुमारे ९३ टक्क्यांपर्यंत मजल मारली. तीही नियंत्रित खोलीत आणि चांगल्या उपकरणांवर. नव्या माणसांवर त्याच्या बरंच वर गेलात तर आनंदाआधी शंका यायला हवी.

प्रमाणीकरणातही, म्हणजे प्रत्येकाचे आकडे त्याच्या सरासरीशी ताडून एका मापावर आणतानाही, तपासणीची माहिती आधीच गळते. व्यक्तीच्या संपूर्ण सत्राची सरासरी वजा केली तर तिच्यात ताणाचा टप्पाही येतो. प्रत्यक्ष वापरात तो पुढे आहे, हातात नाही. सरासरी आणि प्रमाण विचलन फक्त आधाररेषेतून घ्या. वर्गांची संख्या असमान असेल तर नुसती अचूकता देऊ नका: २० मिनिटं शांत आणि १० मिनिटं ताण असेल तर ‘ताण नाही’ असं सतत म्हणणारा कोडही ६७ टक्के मिळवतो.

सगळ्यात उपयोगी चाचणी वेगळीच आहे. हृदय आणि वाहकता पूर्ण काढून टाका आणि फक्त त्वरणमापकावर तेच मॉडेल शिकवा. त्यानंही ८५-९० टक्के दिले तर मूळ मॉडेल हालचाल ओळखत होतं. मग फक्त सत्र सुरू झाल्यापासूनचा वेळ हा एकच गुणधर्म देऊन शिकवा. टप्प्यांचा क्रम बदलला नसेल तर हे मॉडेल जवळपास शंभर टक्के देईल. हे दोन आकडे आपल्या मुख्य आकड्याशेजारी छापा. परीक्षकांना त्यातून तुमच्या कामाची नेमकी उंची कळते.

दिवसभर वापरासाठी

इथे अडचण येते ती फोनकडून. अँड्रॉइड ६ पासूनची डोझ अवस्था (पडून असलेल्या फोनची बॅटरी वाचवणारी झोप) आणि ८ पासूनची पार्श्वभूमीवरची बंधनं यांमुळे साधी सेवा काही मिनिटांत बंद पडते. फोरग्राउंड सर्व्हिस (सूचनापट्टीत सतत दिसणारी सेवा) हवीच, आणि अँड्रॉइड १४ ला लक्ष्य केलं असेल तर तिचा प्रकार ‘जोडलेलं उपकरण’ असा जाहीर करावा लागतो. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ शोधणं आणि जोडणं यांच्या परवानग्या वेगळ्या मागाव्या लागतात. याशिवाय काही कंपन्यांचे बॅटरी बचतकार आपले वेगळे नियम चालवतात, त्यासाठी प्रत्येक फोनवर हातानं सूट द्यावी लागते. तरीही सेवा मरणारच असं धरून चला: दर मिनिटाला ‘जिवंत आहे’ अशी एक ओळ लिहा. नंतर विश्लेषणात माहिती नसणं आणि पट्टा काढून ठेवणं यांत फरक करायला दुसरा मार्ग नाही.

दिवसभरात मधूनमधून ‘आत्ता किती ताण वाटतोय’ असं विचारण्यासाठी वर्कमॅनेजरवर (अँड्रॉइडच्या कामं लावून ठेवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. त्याचं पुनरावर्तन १५ मिनिटांहून कमी अंतरानं होत नाही आणि वेळेची हमीही नाही. अचूक गजर लावा. अँड्रॉइड १४ वर नव्यानं घातलेल्या बहुतेक ॲपना अचूक गजराची परवानगी आपोआप मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. प्रश्न पाठवला कधी, दिसला कधी, उत्तर आलं कधी, या तिन्ही वेळा साठवा. १५ मिनिटांत उत्तर नसेल तर प्रश्न मागे घ्या. दोन तासांनी आठवून दिलेलं उत्तर त्या क्षणाच्या ठोक्यांना जोडता येत नाही. पडद्यावर ‘तुमचा ताण ७२’ असा आकडा दाखवू नका. तो बघून माणूस काळजीत पडतो किंवा मुद्दाम खोल श्वास घेतो, आणि तुमचं माप तुमच्याच ॲपनं बदललेलं असतं.

चालताना, जिने चढताना हृदयगतीवरून ताण ठरवण्याचा प्रयत्न सोडून द्या. त्वरणमापकावरून मागची काही मिनिटं व्यक्ती स्थिर होती असं ठरलं तरच ती खिडकी घ्या. दिवसाच्या नोंदीतला मोठा भाग गळेल. चालेल.

आता हातात असलेल्या नोंदींबद्दल. मूळ बाइट किंवा निदान सगळी अंतरं साठवली असतील तर आरएमएसएसडी वरच्या पद्धतीनं पुन्हा काढा, बऱ्याच जणांचे उलटे आकडे त्यातच सरळ होतील. बोलण्याचा आणि क्रमाचा दोष जुन्या नोंदींतून काढता येणार नाही. त्या सत्रांकडे प्राथमिक चाचणी म्हणून पाहा आणि खिडकी, उंबरठे, गाळणी हे सगळं त्यांच्यावर ठरवून कायम करा. मग नियंत्रण टप्पा आणि बदलता क्रम घालून नवीन लोकांवर मोजणी करा, आणि त्या नोंदी उघडल्यावर एकही उंबरठा बदलू नका.